एक्केचाळीस आंबे

खैरझरी, आसेगावजवळ
ता. ४ जानेवारी १९३६

निजाम,

मायना काय लिहावा यावर दोन कागद वाया गेले. ‘निजामुद्दीन मास्तर यांस’ असं लिहिलं, तर आपण कधी एका ओसरीवर बसून भाकर खाल्लीच नाही असं वाटायला लागलं. दुसरं काही लिहायला हात धजला नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. तीन वर्षं हाक मारत होतो तशीच वाच.

परवा अकोल्याच्या कचेरीतून कागद आला. तू नोकरीवर परत घेण्यासाठी अर्ज केलास म्हणे. केलास ते ठीक, पण मला एका अक्षरानं कळवलं नाहीस. कारंजा काही विलायतेत नाही. भावाच्या रंगाच्या दुकानात कापड पिळता पिळता चार ओळी लिहायला काय झालं होतं?

कागदात मला तीन प्रश्न विचारले आहेत. पाट्यांवर आकृती कोणी कोरली, केव्हा कोरली, आणि मुख्याध्यापकास त्याची माहिती होती किंवा कसे. उत्तर ३१ तारखेच्या आत लेखी पोचायला हवं. तुला परत घ्यायचं की नाही ते त्यावर ठरणार आहे.

आता मी काय लिहू? तू म्हणशील, हे मला विचारता? पण दुसरं कोणाला विचारू? झालं ते एकदा क्रमानं मांडून पाहतो, निदान माझ्या डोक्यातला गुंता तरी सुटेल.

जूनमध्ये वरून परिपत्रक आलं, की चित्रकलेच्या तासाला मुलांनी फळ्यावरचं पाहून न काढता आपल्या कल्पनेनं काढावं, आणि तपासणीत ते पाहिलं जाईल. तुला कोण आनंद झाला! तू आधीपासूनच पोरांना शाळेमागच्या फरशीवर गेरूनं आणि कोळशानं वाटेल ते काढू देत होतास. दोन तोंडांचा बैल, पाय फुटलेली विहीर, काय अन् काय. ते परिपत्रक माझ्या डोक्यावरून गेलं. बेरीज चुकली तर तिच्यावर फुली मारता येते. पाय फुटलेल्या विहिरीवर फुली मारायची की नाही, हे कोण सांगणार? जे बरोबर की चूक ते मलाच ठाऊक नाही, असं काही मी तीस वर्षांत तपासलं नव्हतं.

तपासणीला आठ दिवस राहिले तेव्हा तुझा गेरू बंद झाला. पोरं तयार दिसायला हवीत, आणि कल्पना झाली तरी ती आधी तयार करून घेतलेली बरी, असं ठरलं. सगळ्यांनी आंबा काढायचा. मग पाट्यांवर दाभणाच्या टोकानं आंबा कोरण्यात आला. एक्केचाळीस पाट्या. रेघ इतकी बारीक, की लांबून दिसत नाही, पण पेन्सिल तिच्यात पडली की आपोआप पुढे सरकते.

तपासणीच्या दिवशी डिप्टीसाहेब आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मुलांनो, तुमच्या मनात येईल ते काढा.” पोरांनी माझ्याकडे पाहिलं आणि आंबे काढले. साहेब पहिल्या पाटीवर खूष झाले. दुसऱ्या पाटीवर “वा!” म्हणाले. पाचव्या पाटीपाशी चष्मा पुसला. “श्रावणात सगळ्यांच्या मनात आंबाच? आणि पान सगळ्यांचं डावीकडे?”

तेव्हा त्यांना अन्वरीची पाटी दिसली. आपल्या बांगड्यावाल्या सैफुद्दीनची ती नऊ वर्षांची पोट्टी. तिनं पाटी फिरवून आडवी धरली होती आणि अंड्यांवर बसलेली कोंबडी काढली होती. आंब्याच्या देठाची चोच केलेली, आणि ते पान चोचीखालच्या लाल कातडीसारखं लोंबत होतं. साहेबांनी विचारलं, “सगळ्यांनी आंबा काढला, तू का नाही?”

“साहेब, आंबा तं पाटीवर पहिलेच हाय,” ती म्हणाली. “मंग अजून कायले काढू?”

साहेबांनी पाटीवरून नख फिरवलं. मग त्यांनी मला विचारलं, “इथं चित्रकला कोण शिकवतं?” मी म्हणालो, निजामुद्दीन मास्तर. त्यांनी तुझ्या हातांकडे पाहिलं. तुझ्या नखांत अजून गेरू होता.

यात मी काही खोटं बोललो का, तूच सांग. चित्रकला तूच शिकवत होतास. तूही तोंडातून शब्द काढला नाहीस. आठवड्यानं तुझ्या नावाचा हुकूम आला आणि तू ट्रंक घेऊन आसेगावच्या बाजाराच्या बैलगाडीत बसलास. मी घरातच होतो, पण बाहेर आलो नाही. डोकं दुखत होतं.

तर तुझं म्हणणं काय आहे ते मला कळव. म्हणजे दोघांच्या उत्तराचा मेळ बसेल.

जगदेव गुरुजी


खैरझरी
ता. १२ जानेवारी १९३६

निजाम,

आठ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. टपालवाला मोहनसिंग शाळेच्या दारावरून गेला की मी शिकवता शिकवता थांबतो. पोरांनाही आता ठाऊक झालं आहे. तीच सांगतात, “गुरुजी, आज बी नाई आलं.”

शाळेचं म्हणशील, तर पाट्या त्याच आहेत. नव्या कुठून आणणार? गणित लिहिलं की आकड्यांच्या मागून आंबा दिसतो. ओली पाटी उन्हात धरली तर आंबाच आधी वाळतो. भाऊसिंगच्या पोरानं काल सत्तावीस गुणिले चार केलं, उत्तर बरोबर आणलं आणि त्याच्याभोवती आंब्याची रेघ ओढून ठेवली. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणतो, “पेन्सिल तिकडंच जाते, गुरुजी.”

मी तुझ्यासारखं करून पाहिलं. खोटं सांगत नाही. परवा तिसरी-चौथीला म्हणालो, आज तुमच्या मनातलं काढा. पोरं बसून राहिली. मग एकानं हात वर केला, “गुरुजी, मनातलं म्हंजे कोन्तं? पुस्तकात कितव्या पानावर हाय?” मला राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही गेलं. मी म्हटलं, बरं, आपलं घर काढा. निजाम, त्यांनी आंबा काढला आणि त्याला दार काढलं. चार जणांनी खिडकीही काढली.

हीच पोरं मागच्या साली फरशीवर पाय असलेल्या विहिरी काढत होती ना? मग ती विहीर गेली कुठं? पाच महिन्यांत कोणी कसं विसरतं? ती फरशी मीच दोनदा शेणानं सारवून घेतली होती, ते आठवलं. पण सारवल्यानं फरशी पुसते, पोरांची डोकी कशी पुसतील? मला कळत नाही. मला शिकवायला येतं असा माझा तीस वर्षं समज होता.

तुला आणखी एक सांगायचं आहे. तू गेल्यापासून अन्वरी शाळेत येत नाही. मला वाटलं आधी कापूस वेचायला, आता तुरी तोडायला जात असेल, या दिवसांत अर्धी शाळा तुरीत असते. पण संक्रांत दोन दिवसांवर आली म्हणून काल घरातून तुझ्या कस्तुराकाकू सैफुद्दीनकडे बांगड्या भरायला गेल्या आणि तिकडून तोंड वाकडं करून आल्या. पोट्टी घराबाहेरच पडत नाही म्हणे. अंगणात रेघसुद्धा ओढत नाही. सैफुद्दीन तुझ्या काकूंना म्हणाला, “बाई, माह्या पोट्टीच्या एका बोलन्यानं एका शरीफ मानसाची रोजी गेली. आता तिले कोन्त्या तोंडानं शाळेत पाठवू? तिचं नाव काढून टाका म्हना गुरुजीले.”

त्या पोरीला वाटतं, की तू तिच्यामुळे गेलास.

हे ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही. लिहिता येत नाही, असं म्हण. हजेरीपटावर तिचं नाव अजून आहे. रोज पुकारतो, आणि पोरं रोज एका सुरात ‘गैरहजर’ म्हणतात.

तू काहीतरी लिही. तिला चार शब्द लिही, तुझा तिच्यावर राग नाही म्हणून. ते तिला पटेल. माझं कोण ऐकतं?

जगदेव


खैरझरी
ता. १९ जानेवारी १९३६

निजाम,

तुझं कार्ड मिळालं. सगळ्या कार्डात मिळून तीन ओळी! ‘जे झालं ते लिहा. तुमच्याबद्दल मी अर्जात काही लिहिलेलं नाही. कस्तुराकाकूंना सलाम.’

जे झालं ते लिहा! तू मोठा सोपा माणूस आहेस. जे झालं ते लिहिणं इतकं सोपं असतं, तर मी तुला एवढाली पत्रं कशाला लिहिली असती? पहिल्यांदा वाचलं तेव्हा कार्ड फेकून दिलं. तुझ्या काकूंनी उचलून देवघराच्या कोनाड्यात ठेवलं आहे. तिथं ठेवलेलं सलामाचं कार्ड पाहून उद्या कोणी बोललं, तर मी त्यांनाच पुढे करणार आहे.

तुझी मात्र कमाल आहे. अर्जात माझ्याबद्दल काही लिहिलं नाहीस. मग अर्ज कशाचा केलास? नुसतं ‘मी नाही’ म्हणालास? मग कोण, असं साहेब विचारतीलच ना! ते विचारणार हे तुला कळत नव्हतं, की कळून तू मला मोकळा सोडलास? यातलं कोणतं मानू? पहिलं मानलं तर तुझ्यावर चिडता येतं, दुसरं मानलं तर येत नाही.

मी मसुदे केले. तुला दाखवतो.

पहिला: ‘सदर आकृती कोणी कोरली हे निश्चित सांगता येत नाही.’

दुसरा: ‘सदर आकृती शाळेच्या भल्यासाठी, एकमताने कोरण्यात आली.’

तिसरा: ‘सहाय्यक शिक्षक निजामुद्दीन यांची वर्तणूक चांगली होती. मुले त्यांच्यावर खूष असत.’ या तिसऱ्यात प्रश्नाचं उत्तरच नाही, पण सगळं खरं आहे. मला तोच आवडला.

तुझ्या काकू चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, “वाचा मोठ्यानं.” मी पहिला वाचला.

“सांगता येत नाई?” त्या म्हणाल्या. “कोनाले सांगता येत नाई? तुमाले?”

मी म्हटलं, कचेरीची भाषा अशीच असते. त्या उठल्या, कोठीत गेल्या आणि दाभण आणून माझ्या कागदावर ठेवलं. “हे पाहा. तुरीची पोती शिवाले घेतलं तं गोनपाटात घुसून नाई राह्यलं. पार बोथट झालं. दुपारी दार लावून तुमी खरखर करत बसले, मले वाटलं घरात उंदीर झाले. एक्केचाईस पाट्या, अन् तुमाले सांगता येत नाई!”

“अगं, पण निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत.”

“त्याले तं आताच काढलं ना? त्याचे किती वर्सं राह्यले होते?”

ओसरीच्या वळचणीला तुझी ती वेगळी ताटली अजून आहे. ती काढून त्यांनी राखेनं घासली आणि परत तिथंच ठेवली. तीन वर्षं तू आमच्याकडे जेवलास आणि ताटली मात्र वेगळी, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत आलं. का आलं, तेही ठाऊक नाही.

बरं, तर लिहितो. मी कोरले. एका दुपारी, घरी, पुठ्ठ्याचा एक आंबा कापून घेतला आणि तो प्रत्येक पाटीवर ठेवून भोवतीनं दाभण फिरवलं. तुला हे ठाऊक होतंच. तू संध्याकाळी पाट्यांची चवड पाहिलीस आणि मला म्हणालास, “गुरुजी, हे कायले?” मी म्हणालो, तुला कळत नाही. त्यावर तू काही बोलला नाहीस. साहेबांसमोरही नाही.

पण मी वाईट मनानं केलं नाही रे. सगळ्या पाट्या सारख्या दिसल्या, की शाळा चांगली, असंच आम्हाला शिकवलं. मी पोरगा असताना आमच्या मास्तरांनी फळ्यावर आंबा काढला, पान डावीकडे. आम्ही तसाच काढायचो. ज्याचं पान उजवीकडे जाई त्याच्या हातावर छडी बसे. मला दोनदा बसली आहे. तिसऱ्यांदा कधी चुकलो नाही. याला शिकणं म्हणतात, असंच मला वाटत आलं. आता म्हणतात, की शिकणं ते नव्हे, पोराला जे सुचेल ते. मग मला काय सुचलं असतं? ते मी कोणाला विचारू?

आणि लिहिलं तर काय होईल, तेही एकदा बघ. पारावरची माणसं मला पाहून अजून उठून उभी राहतात. ती बसून राहतील. एवढंच होईल, पण मला त्याचीच भीती वाटते. हे तुला सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

अजून बारा दिवस आहेत. मी कागद समोर घेऊन बसलो आहे.

जगदेव


खैरझरी
ता. २६ जानेवारी १९३६

निजाम,

आज सकाळी सैफुद्दीनच्या घरी गेलो होतो. तू तिला चार शब्द लिहिले नाहीस. का ते आता समजतं. ते काम तुझं नव्हतं.

जाताना वाटेत मी पाठ करत होतो, की पोरीला असं सांगावं, तसं सांगावं. कशाला गेलो होतो ते मला नीट ठाऊक नव्हतं. हजेरीपटावर नाव ठेवायचं की काढायचं, एवढंच विचारायला गेलो, असं स्वतःला सांगितलं.

सैफुद्दीन दारात लाखेच्या बांगड्यांना खडे लावत होता. उठला, सलाम केला, बाज झटकून दिली. त्याची बायको बिस्मिल्ला आतून गूळपाणी घेऊन आली आणि दाराआड उभी राहिली. पोट्टी भिंतीला टेकून बसली होती. वाळली आहे. मला पाहून तिनं ओढणी तोंडावर घेतली.

मी म्हटलं, “अन्वरी, शाळेत का येत नाहीस?”

सैफुद्दीन म्हणाला, “गुरुजी, ते रोज एकच इचारते. म्हन्ते, मी खरं बोलली म्हनून मास्तर गेले का? मी काय जवाब देऊ? गेले तं खरे.”

“मी चूप बसाले पायजे होतं,” अन्वरी ओढणीतून म्हणाली. “सगळे चूप बसले. आंबा काढला असता तं मास्तर राह्यले असते. मले कोंबडी काहून सुचली, काय माइत!”

निजाम, मला तुझ्यासारखं समजावता येत नाही. मला पाठ सांगता येतो. नऊ वर्षांची पोरगी मला विचारते आहे, कोंबडी का सुचली, आणि ते सुचलं म्हणून ती पाच महिने स्वतःला कोंडून बसली आहे. माझ्याजवळ एकच उत्तर होतं आणि ते मी कचेरीसाठी राखून ठेवलं होतं. ते तोंडातून निघून गेलं.

“मास्तर तुझ्यामुळं नाही गेले. आंबे मी कोरले होते. साहेबांसमोर मी बोललो नाही, म्हणून मास्तर गेले.”

बिस्मिल्लाच्या बांगड्या वाजल्या. मला वाटलं, आता पोरगी रडेल, किंवा माझ्याकडे पाहणार नाही. तिनं ओढणी बाजूला केली आणि म्हणाली, “आंबे तुमी कोरले ते तं मले ठाव हाय.”

“तुला कोणी सांगितलं?”

“कोनं कायले सांगते? फळ्यावर बी तुमच्या आंब्याचं पान डाव्याच अंगाले असते. निजाम मास्तर तं आंबाच काढत नोते. सगळ्या पोट्ट्याइले ठाव हाय.”

सगळ्यांना! निजाम, एक्केचाळीस पोरांना पाच महिने ठाऊक आहे. त्यांच्या आईबापांनाही ठाऊक असेल. पारावर जे उठून उभे राहतात, त्यांनाही असेल. आणि मी मसुदे करत बसलो होतो! मी विचारलं, “मग तेव्हा साहेबांना का नाही सांगितलंस?”

“त्याइनं इचारलंच नाई. चित्रं कोन शिकोते म्हनून इचारलं. शिकोत तं निजाम मास्तरच होते ना? मले वाटलं, साहेब त्याइले शाबासकी देते. तुमी बी तसंच सांगतलं, मंग मले वाटलं बरोबर असन.”

ती मला टोचून बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं. टोचून बोलली असती तर मला उठून येता आलं असतं.

सैफुद्दीननं हातातली बांगडी खाली ठेवली. आतापर्यंत तो नरम बोलत होता, तेव्हाही नरमच बोलला, “गुरुजी, तुमी आले, माह्या लेकरापाशी बोलले, शुकर हाय. पन हे माह्या घरात सांगून काय होते? हे कचेरीत लेहा.” मग लेकीकडे पाहून म्हणाला, “अन् तू उद्यापासून शाळेत जाय.”

मी परत आलो. मी चांगलं केलं की स्वतःला बुडवलं, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही असेल. पोरीनं माझं ऐकून घेतलं, एवढं मात्र खरं, आणि ऐकताना तिच्या तोंडावर माझ्याबद्दल काहीच आलं नाही. ना राग, ना काही. तुझं नाव आलं तेव्हाच काय ते आलं.

जगदेव


खैरझरी
ता. २९ जानेवारी १९३६

निजाम,

काल मंगरूळच्या पोस्टात जाऊन आलो. शाळेला अर्धी सुट्टी दिली. कारण विचारलं तेव्हा पोरांना सांगितलं, उत्तर टाकायला जातो. एकानंही ‘कशाचं’ म्हणून विचारलं नाही.

कचेरीला लिहिलं ते खाली उतरवतो. तुझ्याजवळ नक्कल असावी.

‘पाट्यांवरील आकृती मी स्वतः माझ्या घरी कोरली. तपासणीच्या आधी चार दिवस. साहेबांनी चित्रकला कोण शिकवतो असे विचारले तेव्हा मी सहाय्यक शिक्षकाचे नाव सांगितले, कारण त्या प्रश्नामागे लपता येत होते. ते माझा मान राखून गप्प राहिले. ते मुलांना स्वतःचे चित्र काढू देत होते, आणि परिपत्रकात जे मागितले होते ते या शाळेत परिपत्रकाच्या आधीपासून चालू होते. ते मी बंद केले.’

तुझ्या काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “आता झालं,” आणि दाभण घेऊन गावात धार लावून आणायला गेल्या.

तू म्हणशील, गुरुजींनी शेवटी धीर केला. तसं समजू नकोस. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज झाला आणि मी हात आत घातला. भर बाजारात, सगळ्यांसमोर. पेटीचं तोंड लहान असतं, हात मनगटापर्यंत गेला. पोस्टाच्या शिपायानं विचारलं, “काय अडकलं, गुरुजी?” मी म्हटलं, काही नाही. हात काढताना कातडी सोलली. त्या हातानं हे लिहितो आहे, म्हणून अक्षर असं आलं आहे. माझ्या अक्षराची तालुक्यात तारीफ होती, तुला ठाऊकच आहे.

आता ते मला काढतील की नुसतं बोलतील, तुला घेतील की नाही, मला काही अंदाज नाही. तुला घेतलं आणि मला ठेवलं, तर आपण एका खोलीत कसं बसायचं? मला काढलं, तर पाराच्या बाजूनं मी घरी कसा जाऊ? पूर्वी असं काही असलं की मी तुला विचारायचो. आताही तुलाच विचारतो आहे. या सगळ्या पत्रांत मी एक गोष्ट लिहायची टाळली आणि तुला ती पहिल्याच पत्रापासून दिसली असणार. निजाम, माझं चुकलं. तुझ्या बाबतीत चुकलं आणि त्या पोरीच्या बाबतीत चुकलं. आंब्याच्या बाबतीत किती चुकलं ते मला अजून समजायचं आहे.

अन्वरी परवापासून शाळेत येते. आज चित्राचा तास होता. मी फळ्यावर काही काढलं नाही. म्हटलं, पाटीवर आंबा आहेच, तो पुसत नाही, तर त्यातून दुसरं काय निघतं ते बघा. पोरं अन्वरीकडे पाहायला लागली, माझ्याकडे नाही. तिनं पाटी फिरवली, तशा सगळ्यांनी पाट्या फिरवल्या. बराच वेळ नुसत्या पाट्याच फिरत होत्या. मग भाऊसिंगच्या पोराच्या पाटीवर पखाल निघाली. एकीच्या पाटीवर झोपलेली म्हातारी निघाली, पांघरूण तोंडावर घेतलेली. निम्म्यांच्या पाटीवर अजून आंबाच होता, पण त्यांनाही मी काही म्हटलं नाही.

मग मीही एक पाटी घेतली. पोरांसमोर, जमिनीवर बसून. पेन्सिल ठेवली आणि ती रेघेतून चालायला लागली. मी ती ओढून बाहेर काढली, ती परत आत गेली. शेवटी आंबा झाला, पान डावीकडे. पोरं हसली. हसू दिलं.

अन्वरी उठून आली. माझ्या हातातली पाटी तिनं काढून घेतली, उलटी केली आणि परत माझ्या हातात दिली. म्हणाली, “आता पाहा, गुरुजी. घाई नोका करू.”

शाळा सुटून बराच वेळ झाला. मी पाटी उलटी धरून बसलो आहे. कधी वाटतं काही दिसतंय, आणि पुन्हा जातं. मला अजून आंबाच दिसतो. तू ये, आणि मला सांग.

जगदेव